बणीठणी रेशमावर नाही, आणि तैलरंगातही नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अठराव्या शतकातल्या भारतीय चित्रांवर लेख आला आणि सोबत किशनगढच्या ‘बणीठणी’चे चित्र पाऊण पान छापले. लघुचित्राला एवढी जागा क्वचितच मिळते, त्याबद्दल आभार. पण चित्राखाली ‘रेशमावरील तैलचित्र’ अशी ओळ आहे आणि लेखात त्याला ‘एका सौंदर्यवतीचे हुबेहूब व्यक्तिचित्र’ म्हटले आहे. रेशीम चूक, तैल चूक आणि हुबेहूबही चूक. आम्ही कागदावरच्या जुन्या चित्रांचे संवर्धन करतो. एखादे लघुचित्र तैलचित्र समजून कुणी ओल्या फडक्याने पुसले की पुढे ते आमच्याच टेबलावर येते आणि तोवर बहुतेकदा वेळ निघून गेलेली असते. माध्यम चुकीचे छापले की देखभालही चुकते, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी हुबेहूबपणाचे बघू. किशनगढ हे अजमेर आणि जयपूरच्या मधले राठोडांचे छोटे संस्थान. तिथल्या सावंतसिंहाला (१६९९–१७६४) राज्य असे फारसे लाभले नाही. १७४८ मध्ये वडील वारले तेव्हा तो दिल्लीत होता, आणि इकडे धाकट्या भावाने, बहादूरसिंहाने, गादी बळकावली. ती परत मिळवायला मराठ्यांची मदत घेण्यापर्यंत प्रकरण गेले. पुढे सगळे सोडून तो वृंदावनात राहिला. ‘नागरीदास’ या नावाने त्याने व्रजभाषेत रचलेली कृष्णभक्तीची पदे मात्र टिकली. बणीठणी ही त्याच्या सावत्र आईच्या सेवेतली गायिका. तीही ‘रसिकबिहारी’ या नावाने पदे करी. दरबारचा चित्रकार निहालचंद याने या मंडळींसाठी जी चित्रे केली, त्यांतली नायिका राधा आहे. तिच्या चेहऱ्यामागे बणीठणीचे रूप असावे, हे अभ्यासकांचे अनुमान. अनुमान चांगले आहे, पण म्हणून चित्राला फोटोचा दर्जा देता येत नाही. १९७३ मध्ये टपाल खात्याने लघुचित्रांच्या मालिकेत याचे २० पैशांचे तिकीट काढले तेही ‘राधा’ म्हणूनच.

किशनगढची दहा चित्रे शेजारी ठेवून पाहा. तोच मागे उतरत गेलेला उंच कपाळाचा उतार, तीच कमानदार भुवई, कानाच्या दिशेने वर वळत गेलेला तोच लांबट डोळा, तीच टोकदार हनुवटी. राधेलाही तीच आणि सख्यांनाही. कृष्णाच्या डोळ्यांतही तीच वळणे सापडतात. ही त्या कलमाची, म्हणजे किशनगढच्या चित्रशैलीची, ठरलेली घडण आहे. चेहरा पूर्ण एका बाजूने दाखवलेला, पण डोळा समोरून पाहिल्यासारखा. समोर माणूस बसवून असे रेखाटता येत नाही. ‘भारताची मोनालिसा’ या बिरुदाने इथे बराच घोळ घातला आहे. किशनगढचा हा चित्रसंग्रह विसाव्या शतकाच्या चाळिशीत कला-अभ्यासक एरिक डिकिन्सन यांच्या नजरेस पडला. पुढे डिकिन्सन आणि मुंबईचे कला-अभ्यासक कार्ल खंडालावाला यांचा ग्रंथ ललित कला अकादमीने १९५९ मध्ये काढला, आणि तेव्हापासून ही तुलना चालत आली आहे. पाश्चात्त्य वाचकाला ओळख करून द्यायला ती ठीक होती. आता तिचा परिणाम एवढाच, की लोक मोनालिसासारखेच हेही तेलात रंगवलेले असणार असे धरून चालतात.

तर ते कशावर आणि कशाने केले आहे?

चित्राचा पाया म्हणजे वसली. हातकागदाचे तीन-चार ताव, कधी त्याहून जास्त, खळीने एकमेकांवर चिकटवून केलेला जाड कागद. खळ गव्हाची, आणि तिच्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. खळ पातळ हवी. दाट झाली की वाळल्यावर थर कडक होतो आणि पुढे कागद वाकला की रंगासकट तडकतो. प्रत्येक ताव बसवताना मधली हवा तळहाताने कडेला काढत न्यावी लागते. एखादा बुडबुडा राहिला तर लगेच कळत नाही, पण घोटताना नेमका तिथेच वरचा थर सुटतो. वसली सावलीत वाळवतात आणि मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटतात, पृष्ठभाग चमकेपर्यंत. मराठी दफ्तरांतला जुन्नरी आणि दौलताबादी कागदही असाच घोटलेला असे. तिथे बोरू अडखळू नये म्हणून, इथे खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला अडखळू नये म्हणून. न घोटलेल्या कागदावर केसाएवढी रेघ ओढून बघा. रंग तंतूंतून पसरतो आणि भुवई फुटते.

पहिले रेखाटन चिंचेच्या काटकीच्या कोळशाने, मग गेरूच्या फिक्या रेघेने. जमलेला चेहरा पुन्हा वापरायचा असेल तर चरबा करतात. म्हणजे हरणाच्या पातळ, आरपार दिसणाऱ्या कातड्यावर रेघा उतरवायच्या, त्यांवर सुईने बारीक भोके पाडायची आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटत न्यायची. खालच्या कागदावर ठिपक्यांची रेघ उमटते. एका कलमातले चेहरे इतके सारखे का, याचे निम्मे उत्तर या पुरचुंडीत आहे. रेखाटनावर सफेद्याचा, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगाचा, एक पातळ हात दिला जातो. खालची रेघ पुसट दिसत राहील इतकाच. त्यावर पक्की रेघ पुन्हा काढतात.

रंग सगळे पाण्यातले, आणि त्यांना धरून ठेवतो तो बाभळीचा डिंक. तेलाचा थेंबही नाही. पांढऱ्यासाठी सफेदा. लालसाठी हिंगूळ, तो लिंबाच्या रसात खलून खलून, वर येणारे पिवळट पाणी दर वेळी ओतून टाकून शुद्ध केलेला. बोटांच्या टोकांचा अळता आणि डोळ्याच्या कोपऱ्यातली लाली लाखेच्या रंगाची. निळ्यासाठी नीळ, काळ्यासाठी काजळी, पिवळ्यासाठी हरताळ किंवा प्यावडी. प्यावडी म्हणजे आंब्याची पाने खाऊ घातलेल्या गायींच्या मूत्रापासून काढलेला पिवळा रंग.

खरे कसब डिंकाच्या मापात आहे, आणि ते माप सगळ्या रंगांना सारखे नसते. काजळी आणि नीळ हलकी, अतिशय बारीक कणांची, त्यांना डिंक जास्त लागतो. हिंगूळ आणि सफेदा जड, त्यांना कमी. परीक्षा सोपी आहे. एक पट्टा ओढून पूर्ण वाळू द्यायचा आणि बोट फिरवायचे. बोटाला रंग लागला तर डिंक कमी. पट्टा चकाकतो आहे तर डिंक जास्त, आणि असा पट्टा काही पावसाळे-उन्हाळे पाहिले की खपल्या धरून उचलतो. जुन्या चित्रात एकच रंग उडालेला आणि शेजारचा ठणठणीत दिसला, तर पहिला संशय या मापावर घ्यावा.

सपाट रंग भरून झाले की चित्र पालथे घालतात, संगमरवराच्या गुळगुळीत फरशीवर, आणि पाठीमागून अकीकाने घोटतात. रंग दाबला जाऊन आरशासारखा सपाट होतो. लोकांना रेशमाचा भास होतो तो इथे. ही घोटाई रंगाच्या प्रत्येक मोठ्या हातानंतर, निदान दोन-तीनदा होते. फरशीवर वाळूचा एक कण राहिला तरी चित्रावर खळगा पडतो आणि तो कायमचा.

त्यानंतर चेहरा. गालावरची आणि गळ्याखालची छाया सपाट रंगाने येत नाही. जवळजवळ कोरड्या कुंचल्याने एकमेकांशेजारी बारीक रेघा आणि ठिपके टाकत ती चढवतात. याला परदाज म्हणतात. डोळ्यांवर भिंग धरले तरच हे ठिपके सुटे दिसतात. शेवटी खुलाई, म्हणजे नाक, ओठ, पापणी, बटा यांच्या अखेरच्या रेघा. कानाजवळून गालावर उतरलेली ती वळणदार बट एका दमात ओढलेली असते. सुरुवातीला केसाएवढी, वळणावर किंचित जाड, टोकाला नाहीशी.

ओढणीचे तर शिकण्यासारखे आहे. आधी खालचे सगळे पूर्ण करतात. केस, गळा, दागिने, चोळी, सगळे. मग त्यावर पाणी जास्त घातलेल्या सफेद्याचा एकच पातळ हात. कुंचला दुसऱ्यांदा फिरवायचा नाही, कारण खालचा रंगही डिंकातलाच आहे. ओल्यात पुन्हा घासला की तो सुटतो आणि ओढणी मळकट होते. हा हात वाळल्यावर चुण्यांच्या रेघा पांढऱ्याने, आणि काठ सोन्याने. सोने म्हणजे वर्ख डिंकात किंवा मधात बोटाने तासन्‌तास घोटून, धुऊन, तळाशी बसलेली भुकटी. ती कुंचल्याने लावून अकीकाच्या टोकाने चमकवतात.

आणि मोती. राधेच्या गळ्यातले, कानातले, नथीतले मोती सपाट ठिपके नाहीत. ते दाट सफेद्याचे उचललेले थेंब आहेत, कुंचल्याच्या टोकावर भरून घेऊन नुसते टेकवलेले. संग्रहालयात असे चित्र पाहायला मिळाले तर समोरून न पाहता काचेच्या कडेला उभे राहून तिरके पाहा. प्रत्येक मोत्याची एक बाजू उजळ आणि दुसरी सावलीत दिसेल. पुरवणीतल्या छपाईत हे येणे शक्यच नाही, त्याबद्दल तक्रार नाही. मुंबईकरांना यासाठी राजस्थान गाठायला नको, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या लघुचित्रांच्या दालनात ही नजर तयार करता येते.

आता बिघाड कुठून सुरू होतो ते लक्षात येईल. चित्र पुसले की ओल्या फडक्याने डिंक विरघळतो. सगळ्यात आधी ओढणी जाते, कारण ती सगळ्यात वर आणि सगळ्यात पातळ. मग गालावरचा परदाज. कोरड्या फडक्याने मोती जातात, उंच असल्यामुळे तेच पहिल्यांदा अडकतात. गळ्यातल्या सरीत मध्येच गोल, कागदाच्या रंगाची जागा दिसली तर तिथला मोती कुणीतरी पुसून नेला असे समजावे. ब्रेडचा गर, कापलेला बटाटा, खोडरबर हे तैलचित्रावरही करू नये. इथे तर प्रश्नच नाही. ‘चमक आणायला’ व्हार्निश किंवा जवसाचे तेल लावलेली लघुचित्रेही पाहायला मिळतात. तेल कागदात मुरते, कागद पारदर्शक आणि पुढे तपकिरी होतो, आणि ते परत काढण्याचा सुरक्षित मार्ग नाही. ‘तैलचित्र’ ही ओळ आम्हाला एवढी का खटकली, ते यावरून कळावे.

काही बिघाड रंगांच्या जातीतच आहेत. सफेद्यातले शिसे हवेतल्या गंधकाच्या वायूने काळे पडते. गटारे, कारखाने, काही प्रकारचे रबर आणि लोकरी कापड यांतून हा वायू येतो. कपाळावरचा किंवा नाकाच्या शेंड्यावरचा पांढरा उठाव राखी-काळा झालेला दिसतो आणि लोक त्याला घाण समजून खरवडतात. ती घाण नाही, तो सफेदाच आहे. तो काही प्रमाणात पुन्हा पांढरा करता येतो, पण ते काम प्रशिक्षित हातांचे, घरी करण्याचे नव्हे. तांब्याचा हिरवा रंग, जंगाल, कागद जाळतो. चित्र उलटे करून पाहिले तर पाठीमागे झाडापानांच्या आकाराचे तपकिरी डाग उमटलेले असतात. तिथे कागद आधी ठिसूळ होतो आणि मग तुकडा पडतो. लाख आणि नीळ प्रकाशाने फिकी पडते. अळता गेलेली बोटे बऱ्याच चित्रांत दिसतात. हरताळात आर्सेनिक आहे, तेव्हा भुकटी सुटणारे पिवळे चित्र उघड्या हाताने हाताळू नये.

प्रकाशाचे माप संग्रहालयांत ५० लक्स धरतात (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक). खिडकीशेजारी दिवसा त्याच्या कित्येक पट प्रकाश असतो. चित्रावर पिवळा दिवा रोखून लावण्याची दिवाणखान्यातली हौस सोडावी, आणि वर्षातले काही महिने चित्र उतरवून अंधारात ठेवावे. दमटपणा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास बरा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तो सहज ८०च्या वर जातो, आणि ६५-७०च्या पुढे बुरशीला रान मोकळे. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र फ्रेमशेजारी ठेवा. नुसत्या अंदाजाने ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या कोंबू नका, फार कोरड्या हवेत वसली ताणून वाकते आणि रंग तडकतो.

फ्रेम करताना होणारे नुकसान तर रोजचे. काच थेट चित्रावर टेकली की पावसाळ्यात डिंक ओलसर होतो आणि रंग काचेला चिकटतो. पुढे कुणी काच उचलली की चेहऱ्याचा तुकडा काचेबरोबर जातो. असे चिकटलेले चित्र सापडले तर काच ओढू नका, फ्रेमसकट संवर्धकाकडे न्या. काच आणि चित्र यांच्यात निदान तीन-चार मिलिमीटर अंतर हवे. ते कापसाच्या लगद्यापासून केलेल्या, आम्लमुक्त माउंटने, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीने, मिळते. चित्र चहूबाजूंनी डकवायचे नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने. सेलोटेप पिवळी पडून डाग सोडते. बाजारातला पांढरा डिंक वाळला की निघत नाही. पाठीमागे प्लायवूड किंवा एमडीएफ लावले की त्यातून सुटणारी आम्लाची वाफ कागदाला लागते. फ्रेम बाहेरच्या भिंतीवर टांगू नये, आणि टांगायचीच झाली तर खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून मागे हवा खेळती ठेवावी. लॅमिनेशनबद्दल लिहायची वेळ यायला नको होती, पण येते. ते करू नका. उष्णतेने वितळलेले प्लास्टिक रंगात बसते आणि रंग घेऊनच निघते.

लेखाच्या शेवटी ‘अस्सल प्रत बाजारात सहज मिळते’ असे वाक्य आहे, त्याचीही दखल घ्यायला हवी. सहज मिळते ती नक्कल. काही नकला उत्तम, हाताने केलेल्या असतात आणि नक्कल म्हणूनच विकल्या जातात. त्यात काही गैर नाही, त्या कारागिरांचे पोट त्यावर आहे. फसवणूक होते ती जुन्या स्टॅम्पपेपरवर किंवा वहीखात्याच्या पानावर नवे चित्र काढून ‘दोनशे वर्षांपूर्वीचे’ म्हणून विकताना. कागद जुना म्हणून चित्र जुने होत नाही. दहापट भिंग पुरते. छापील असेल तर चेहऱ्यावर रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते आणि केसाच्या रेघेची कड फुटलेली असते. हाताची रेघ जाड-बारीक होत जाते. जुन्या अक्षरांवर रंग चढला आहे की रंगावर अक्षरे, ते पाहा. चहाच्या पाण्याने ‘जुना’ केलेला कागद सगळीकडे सारखा पिवळा असतो, खरा जुना कागद कडांना आणि बोटे लागलेल्या कोपऱ्यांना जास्त. अतिनील दिव्याखाली प्यावडी झगझगीत पिवळी उजळते, जस्ताचा पांढरा हिरवट-पिवळा दिसतो आणि टायटॅनियमचा पांढरा गडद राहतो. टायटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकाचा, तो मूळ रंगात निघाला तर अठराव्या शतकाचा विषय तिथेच मिटतो. मात्र एवढ्यावरून घाईने निकाल देऊ नये, मागाहून केलेल्या डागडुजीतही तो असू शकतो.

आणि चित्र खरेच शंभर वर्षांहून जुने निघाले तर ते १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. चित्रांची नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते आणि परदेशी नेण्यास मनाई आहे, मग ते अमेरिकेतल्या मुलीला भेट म्हणून का असेना. नोंदणीसाठी फोटो काढताना फ्लॅश टाळा, चित्र फ्रेममधून बाहेर काढू नका, आणि काचेवर उजेड चमकत असेल तर दिवा दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांवर ठेवा.

आपले नम्र,
कागदावरील चित्रांचे संवर्धन करणारे काही वाचक,
पुणे